हरणांच्या बेडिंगसाठी स्विचग्रास लावताय? आधी जुनं गवत मारा

अमेरिकेतल्या मिसूरी राज्याच्या वरच्या टोकाला, आयोवाची बॉर्डर जवळ, तिथं आमचं ४० एकरांचं रान आहे, अर्धी झाडी आणि अर्धं पडीक कुरण. घेतलं तेव्हा डोक्यात एकच होतं, नोव्हेंबरात, शिकारीच्या दिवसांत, इथं हरणं दिसली पाहिजेत. मग सगळे करतात तेच केलं, क्लोव्हर लावलं, टर्निप लावले, दोन फूड प्लॉट, म्हणजे हरणांच्या खाण्यासाठी पेरलेले तुकडे, हौसेनं सजवले. हरणं यायची, नाही असं नाही, पण रात्री. ट्रेल कॅमेऱ्यातले सगळे फोटो काळेपांढरे. दिवसा ती शेजाऱ्याच्या ओढ्याकाठच्या गचपणात बसलेली असायची आणि अंधार पडला की आमच्याकडे जेवायला. म्हणजे खानावळ आमची आणि मुक्काम त्यांच्याकडे.

व्हाइटटेल, म्हणजे इथलं हरीण, दिवसाचा बराच वेळ बसून रवंथ करत काढतं, तेव्हा दिवसा हरीण हवं असेल तर आधी त्याला बसायला आडोसा, म्हणजे बेडिंग, पाहिजे, खाणं नंतर. आणि मिडवेस्टात, म्हणजे अमेरिकेच्या या मधल्या-वरच्या पट्ट्यात, खरी अडचण नोव्हेंबरनंतर येते. कॉर्न निघालं, सोयाबीन निघालं, पानं झडली, आणि कुरणातलं फेस्क्यू गवत पहिल्याच बऱ्या बर्फात चटईसारखं आडवं. चार पायांचं जनावर लपेल असं काही उरतच नाही. तिथं स्विचग्रास कामाला येतं. हे इथलंच गवत, प्रेअरीतलं, उन्हाळ्यात वाढणारं, चार ते सहा फूट होतं, आणि वाळल्यावरही धांडे ताठ राहतात. बर्फ पडला की थोडं वाकतं, ऊन पडलं की पुन्हा उभं. हरणं ते फारसं खात नाहीत, हे ऐकून लोक नाराज होतात, अहो पण तेच तर बरं, भिंती खाऊन टाकल्या तर घर राहील का? (घोडे, शेळ्या, मेंढ्या असतील तर मात्र त्यांच्या चरायच्या जागेत हे लावू नका, यातल्या सॅपोनिनमुळे त्यांच्या लिव्हरला आणि कातडीला त्रास होतो.)

बाकीची देशी गवतं म्हणजे बिग ब्ल्यूस्टेम, इंडियनग्रास आणि लिटल ब्ल्यूस्टेम. तिन्ही देखणी, ऑक्टोबरात लिटल ब्ल्यूस्टेमचा तांबूस रंग बघत बसावं असा, पण हिवाळ्यात उभं राहायची ताकद स्विचग्रासइतकी नाही. बिग ब्ल्यूस्टेम आणि इंडियनग्रास जड बर्फात बरंच लोळतं. माझं मत विचाराल तर जानेवारीतला आडोसा हाच हेतू असेल तर मुख्य पट्टा निव्वळ स्विचग्रासचा करा आणि मिश्र गवतं नि रानफुलं वेगळ्या तुकड्यात लावा. एकत्र कालवलं की स्विचग्रास दोनतीन वर्षांत बाकीच्यांना दाबून टाकतं, म्हणून मिश्रणात ते एकरी अर्धा ते एक पौंडाच्या वर कुणी शहाणा माणूस घालत नाही. शिवाय तणनाशकांचा घोळ होतो, स्विचग्रासला चालणारं ॲट्राझिन रानफुलांना मारतं, ब्ल्यूस्टेम-इंडियनग्रासला चालणारं इमॅझापिक स्विचग्रासलाच मारतं. तेव्हा कुठल्या तुकड्यात काय लावणार ते आधी ठरवा, बाटली नंतर उघडा.

जातीबद्दल थोडं. मध्य मिडवेस्टात बहुतेक लोक केव्ह-इन-रॉक लावतात, मीपण तीच लावली. नाव ऐकून मला वाटलं कंपनीनं काहीतरी फॅन्सी ठेवलंय, पण ते इलिनॉयच्या दक्षिण टोकाला ओहायो नदीकाठचं खरंखुरं गाव आहे, तिथल्या खडकातल्या गुहेवरून नाव पडलेलं, आणि तिथून जमवलेल्या बियाण्यातून मिसूरीतल्या एल्सबेरीच्या प्लांट मटेरिअल्स सेंटर या सरकारी केंद्रानं १९७३ मध्ये ही जात बाहेर आणली. धांडा जाड, बर्फात बरी टिकते. ब्लॅकवेल ओक्लाहोमाची, ती थोडी बुटकी आणि बारीक. कॅनलो ओल्या जमिनीत उंच वाढते. अलामो ही टेक्ससची, तिला उत्तरेत नेऊ नका, थंडीत मार खाते. साधा नियम म्हणजे आपल्यापेक्षा फार दक्षिणेकडची जात घ्यायची नाही.

आता मूळ मुद्दा, आणि इथंच मी एक अख्खं वर्ष घालवलं. आमच्या कुरणात केंटकी ३१ फेस्क्यू होतं. हे मूळचं युरोपातलं गवत, १९३१ साली केंटकीतल्या एका डोंगरउतारावर सापडलं, १९४३ मध्ये बाजारात आलं आणि मग इथल्या कुरणांत असं पसरलं की लोकांना ते इथलंच वाटतं. मी काय केलं, एप्रिलमध्ये एकदा ग्लायफोसेट, म्हणजे हिरवं दिसेल ते मारणारं तणनाशक, मारलं, पिवळं पडलं, म्हटलं मेलं, आणि वर बियाणं टाकून मोकळा झालो. जूनमध्ये बघतो तर फेस्क्यू कमरेला, आणि स्विचग्रासचं एक रोप शोधून मिळेना. बियाण्याचे पैसे पाण्यात.

फेस्क्यू मारायचं ते शरद ऋतूत. ऑगस्टमध्ये कापून किंवा गवताचे गठ्ठे बांधून उचलून न्या, सहा-आठ इंच नवी हिरवी फूट येऊ द्या, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ते जोमात असताना फवारा. त्या दिवसांत झाड अन्न मुळांकडे पाठवत असतं, त्याबरोबर औषधही खाली जातं. मग पुढच्या वसंतात जे वाचलंय, आणि काही ना काही वाचतंच, त्यावर पुन्हा एक हात. वाळलेल्या गवताचा थर जाड असेल तर तो हलवायला पाहिजे, नाहीतर बी त्या गादीवरच पडून राहतं, मातीला टेकतच नाही. फेस्क्यू फारच मातलेलं असेल तर सरळ एक वर्ष, जमल्यास दोन, तिथं कुणा शेतकऱ्याला सोयाबीन करायला द्या. तोच तण मारेल आणि सोयाबीन काढल्यावर जी मोकळी, घट्ट, कमी काडीकचऱ्याची जमीन मिळते तिच्यासारखी जागा स्विचग्रासला नाही. मी दुसऱ्या खेपेला हेच केलं. फक्त त्याला विचारून ठेवा, सोयाबीनवर टिकून राहणारी कुठली औषधं मारली, काहींचा अंश पुढच्या वर्षी आपल्या रोपांना भोवतो. आणि नांगरट करू नका, मऊ ढेकळात हे बी खोल जातं आणि वर येत नाही, शिवाय वर्षानुवर्षं गाडलेलं तणाचं बी तुम्हीच उकरून वर आणता.

बियाणं विकत घेताना पोत्यावरचं लेबल वाचा, नुसतं वजन बघू नका. देशी गवताचा हिशोब पीएलएसमध्ये करतात, प्युअर लाइव्ह सीड, म्हणजे त्यात खरोखर जिवंत बी किती. समजा शुद्धता ९५ टक्के आणि एकूण जिवंत बी ८० टक्के, तर ०.९५ गुणिले ०.८० म्हणजे ७६ टक्के. एकरी ६ पौंड पीएलएस पाहिजे असेल तर ६ भागिले ०.७६, म्हणजे जवळजवळ ८ पौंड टाकावं लागेल. एका पौंडात अडीच लाखांहून जास्त बिया असतात, ६ पौंडांत चौरस फुटाला साधारण ३५ बिया पडतात. बेडिंगला ५-६ पौंड पुरे. नुसता पडदा हवा असेल, म्हणजे रस्त्यावरून आत दिसू नये किंवा आपण चालत जाताना हरणांना दिसू नये म्हणून, तर ८ ते १० पौंड. बेडिंगमध्ये जास्त दाट केलं तर चांगलंच होईल असं वाटतं पण तसं नाही, मध्ये जागा राहिली तर ठोंब पसरतात आणि त्या ठोंबांच्या फटीतच हरीण बसतं.

त्याच लेबलवर अजून एक आकडा असतो, डॉरमंट. हा लोक बघतच नाहीत. ८० टक्के जिवंत बियांपैकी आत्ता उगवणाऱ्या २० आणि झोपलेल्या ६० असंही असू शकतं. झोपलेलं बी म्हणजे खराब बी नाही, त्याला फक्त ओली थंडी लागते, एक हिवाळा अंगावरून गेला की ते जागं होतं. असं बी तुम्ही मे महिन्यात कोरडंच पेरलं तर पाचातलं एक उगवणार आणि तुम्ही विकणाऱ्याला शिव्या घालणार.

म्हणूनच फ्रॉस्ट सीडिंग. जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत, जमीन रात्री गोठते नि दुपारी वितळते तेव्हा, बी नुसतं वरून फेकायचं. मातीला मधमाशीच्या पोळ्यासारख्या बारीक भेगा पडतात, त्या उघडमीट होताना बी आत ओढून घेतात, पाव इंच खोल, आणि याला तेवढंच पाहिजे. सकाळी लवकर जा, जमीन गोठलेली असते, बुटाला चिखल लागत नाही. थोडासा बर्फ असेल तर सोन्याहून पिवळं, कुठं फेकलं कुठं नाही ते दिसतं. जाड बर्फावर किंवा उतारावरच्या बर्फावर नको, वितळला की बी वाहून खाली जातं. गळ्यात अडकवायचा हाताने फिरवायचा स्प्रेडर पुरतो. बी गुळगुळीत, मोहरीसारखं पळतं, आणि एकरी आठ पौंड म्हणजे इतकं थोडं की अर्ध्या वावरातच संपतं, त्यामुळे दाणेदार चुन्यात मिसळा, तोंड अगदी बारीक ठेवा, आणि अर्धं बी उभं चालत नि उरलेलं अर्धं आडवं चालत टाका. ब्ल्यूस्टेम आणि इंडियनग्रासला हा खेळ जमत नाही, त्यांचं बी कुसळांचं, लोकरीसारखं एकमेकांत अडकतं, त्याला नेटिव्ह ग्रास ड्रिल, म्हणजे देशी गवतासाठीचं पेरणीयंत्र, लागतो, त्यात ते ढवळून सोडणारी वेगळी पेटी असते. बऱ्याच काउंटीत हा ड्रिल भाड्यानं मिळतो.

फ्रॉस्ट सीडिंगची वेळ चुकली तर मे महिना, माती ६० डिग्री फॅरनहाइटच्या वर गेल्यावर, चांगला वाफसा बघून, ड्रिलनं, पाव इंचापेक्षा खोल नाही. जमीन इतकी घट्ट हवी की चालताना बुटाचा ठसा जेमतेम उमटावा. आणि डॉरमंट आकडा मोठा असेल तर बी आधी दिवसभर भिजवून, निथळून, पिशवीत घालून तीन-चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवायचं. घरच्यांशी आधी बोलून घ्या. बाहेर काढल्यावर हाताला मोकळं लागेल एवढंच सुकवायचं आणि ओलसर जमिनीत लगेच पेरायचं, खडखडीत वाळवलं तर पुन्हा झोपी जातं.

एप्रिलच्या उत्तरार्धात, स्विचग्रास जमिनीखालीच असताना, वर जे हिरवं दिसेल त्यावर ग्लायफोसेट. ही संधी सोडू नका, एकदा आपली रोपं वर आली की मग ग्लायफोसेट बंद. याच वेळी अनेक जण ॲट्राझिनपण मारतात, त्यानं वर्षायू तणांचा जोर मोडतो. पण ते रिस्ट्रिक्टेड यूजमध्ये येतं, भूजलात उतरतं म्हणून, लायसन्सशिवाय घेता येत नाही आणि मारताही येत नाही. तुमच्या राज्यात, तुमच्या प्रकारच्या जमिनीवर चालतं असं लेबलवर लिहिलं असेल तरच, आणि लायसन्सवाल्याकडूनच करून घ्या. विहीर, ओढा, तळं जवळ असेल तर मी म्हणेन सोडून द्या, मोव्हरवर, म्हणजे गवत कापायच्या यंत्रावर, भागवा.

मग येतो पहिला उन्हाळा, आणि माणसं इथंच हरतात. जुलैत माझं वावर म्हणजे नुसतं तण, फॉक्सटेल आणि मेअरस्टेल. बायको म्हणाली, हे तर आधीपेक्षा वाईट दिसतंय, आणि खरंच दिसत होतं. मी डिस्क मारून सगळं मोडायचं ठरवलं होतं. शेजारचा म्हातारा शेतकरी आला, काही न बोलता गुडघ्यावर बसला, खिशातला चाकू काढून वीतभर गवताचं एक रोप मुळासकट उपटलं आणि बोटांनी माती झाडली. खाली मुळाशी, पांढऱ्या दोऱ्यासारख्या देठाच्या टोकाला, चकचकीत करड्या रंगाचं, थेंबाच्या आकाराचं टरफल अजून चिकटलेलं. म्हणाला, हे तूच फेब्रुवारीत टाकलंस ना? दुसरी खूण त्यानं दाखवली ती पात्याच्या बुडाशी, पातं धांड्याला जिथं जोडलं जातं तिथं वरच्या अंगाला पांढऱ्या केसांचा दाट पुंजका, इंग्रजी व्ही अक्षरासारखा. फॉक्सटेललाही केस असतात पण ते असे एका जागी व्हीमध्ये बसलेले नसतात. त्या संध्याकाळी मी चार तास वावरात रांगत होतो, दर दोनतीन फुटांवर एक तरी रोप सापडत होतं. चौरस फुटाला एक-दोन असतील तर पीक उत्तम, तीन फुटांत एक असलं तरी मोडू नका, भरून येतं. पहिल्या वर्षी ते वर वाढतच नाही, सगळा जीव मुळात घालतं, आणि मोठं झाल्यावर ती मुळं दहा फुटांपर्यंत खाली जातात.

पहिल्या वर्षी काम एकच, तण गुडघ्याला आलं की मोव्हर आठ इंचांवर ठेवून वरून छाटायचं, म्हणजे खाली ऊन पोचतं. उन्हाळ्यात दोनदा, फार तर तीनदा. आठ इंचांच्या खाली जाऊ नका, आपल्याच रोपांची मुंडी उडते. तणाला बी धरू द्यायचं नाही. ऑगस्टच्या मध्यानंतर थांबा. खत अजिबात नको, नायट्रोजन टाकलात तर ते फॉक्सटेलच खाणार. दुसऱ्या वर्षी मार्चअखेर, स्विचग्रास अजून वाळकं झोपलेलं आणि फेस्क्यू-ब्रोमसारखं थंडीतलं गवत हिरवं झालेलं असतं तेव्हा पुन्हा ग्लायफोसेट मारता येतं, फक्त ठोंबाच्या बुडाशी हिरवा कोंब नाही ना हे वाकून बघा, आठवडाभर उशीर झाला तर आपलंच गवत माराल. दुसऱ्या वर्षी कमरेएवढं, विरळ तुरे. तिसऱ्या वर्षी माझ्या डोक्याच्या वर.

जागा कुठली? हरीण बहुतेक वेळा वारा पाठीशी घेऊन आणि तोंड उताराकडे करून बसतं, मागचं नाकानं कळतं, पुढचं डोळ्यांनी. हिवाळ्यात वायव्येचा वारा, म्हणून दक्षिणेकडे उतरणारा भाग, जिथं ऊनही मिळतं, तो आधी भरा. चौकोनी प्लॉट पाडू नका, झाडीच्या कडेनं वेडावाकडा, कुठं रुंद कुठं अरुंद, कारण हरणाला कडा आवडतात, सपाट समुद्रासारख्या गवताच्या मधोमध ते क्वचित बसतं. मध्ये मध्ये दहा-पंधरा फुटांचे तुकडे मोकळे ठेवून तिथं रानटी प्लम, ग्रे डॉगवुड, एखाददुसरं रेड सीडर लावा. सीडर मोजकंच, नाहीतर वीस वर्षांत सीडरचंच जंगल होईल. आणि तुमचा स्वतःचा जायचा-यायचा रस्ता या सगळ्याच्या बाहेरून ठेवा, वारा हरणांकडून तुमच्याकडे येईल असा. सगळं नीट लावून मग दर शनिवारी मधून चक्कर मारणारे लोक मी पाहिलेत.

कागदपत्रांचं थोडक्यात. जमीन सीआरपीत असेल, म्हणजे जमीन पिकाखाली न आणता गवत-झाडीखाली ठेवायची म्हणून सरकार भाडं देतं, १९८५ च्या फार्म बिलापासून चालू असलेला तो १० ते १५ वर्षांचा करार, तर पेरणी, फवारणी, कापणी, काहीही करायच्या आधी काउंटीतल्या एफएसए ऑफिसला, म्हणजे सरकारी शेती कचेरीला, विचारा, पक्ष्यांच्या विणीच्या काळात कापायला बंदी असते आणि तारखा राज्यागणिक वेगळ्या. करारात नसाल तर एनआरसीएसकडे, म्हणजे मृद-जलसंधारणाच्या सरकारी खात्याकडे, खर्चात वाटा मिळतो का ते बघा, पण काम सुरू करण्याआधी अर्ज, नंतर नाही. सीआरपी नसली तरी मेअखेर आणि जूनमध्ये उंच गवतात मोव्हर नेऊ नका, पाडसं त्याच दिवसांत जन्मतात आणि आवाज आला की पळत नाहीत, जमिनीला चिकटून पडून राहतात.

तीन-चार वर्षांनी गवत स्वतःच्याच काडीनं कोंदतं, तेव्हा हिवाळ्याच्या शेवटी जाळायचं. सगळं एकदम नाही, तिसरा हिस्सा, म्हणजे बाकीच्यात जनावरं राहतात. वाळलेलं स्विचग्रास कसं पेटतं ते एकदा दुसऱ्याच्या वावरात उभं राहून बघा, ज्वाळा गवताच्या दुप्पट वर जातात. भोवती नांगरलेला किंवा हिरव्या क्लोव्हरचा पट्टा, अनुभवी माणसं, स्थानिक फायर डिपार्टमेंटला फोन आणि लागत असेल तिथं परवाना, यातलं एक जरी कमी असलं तर काडी ओढू नका. घराच्या, गोठ्याच्या जवळ तर मुळात लावूच नका.

शिकारीचा सीझन संपला की फेब्रुवारीत, बर्फ असताना, एकदाच आत जाऊन बघा, पँट मोज्यात खोचून, कारण उबदार दिवशी टिक्स, म्हणजे गोचिड, त्या महिन्यातही लागतात. बेड ओळखू येतो, तीन-चार फूट लांबीचा लंबगोल खळगा, अंगाच्या उबेनं बर्फ वितळून पुन्हा गोठलेला, कडेला काचेसारखी झिलई, आणि त्यात करड्या-पांढऱ्या पोकळ केसांचे पुंजके. माझ्याकडे तिसऱ्या हिवाळ्यात अकरा मोजले, त्यातले नऊ झाडीपासून वीस पावलांच्या आत आणि मधल्या मोठ्या पट्ट्यात एकही नाही. म्हणून यंदा त्या पट्ट्यात सहा ठिकाणी गवत मारून प्लमची रोपं लावलीत, भोवती जाळी मारलीय, नाहीतर ज्यांच्यासाठी लावलं तेच पहिल्या महिन्यात शेंडे खाऊन टाकतील.